स्वस्त वाद्याचा कान

मोहगावात संत्र्याच्या भावावरून वाद होतात, मोटारपंपाच्या विजेवरून होतात आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या गोटमारीस जावे की न जावे यावरून तर दरवर्षी होतात. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या ओसरीवर जो वाद तीन रविवार चालला, तो बेस गिटारच्या पिकअपविषयी होता.

वादास कारण झाला माझा एक माजी विद्यार्थी. आंबिया बहाराच्या तोडणीत मिळालेली मजुरी साठवून त्याने नागपुराहून सात हजार रुपयांस एक बेस गिटार आणली होती. लग्नसराईत वाद्यवृंदातून वाजवावयाची आणि रविवारी मिस्सेच्या वेळी गायकवृंदाच्या साथीस घ्यावयाची, असा त्याचा बेत होता. वाद्य दिसावयास देखणे होते. पण ध्वनिवर्धकास जोडले की रांजणात भुंगा कोंडावा तसा आवाज येई. स्वर एकमेकांत मिसळून जात आणि वादकाने हात आवरला तरी मागची घरघर काही आवरत नसे. जो तो म्हणे, पिकअप बदल. चांगल्या विलायती पिकअपची किंमत विचारली, तर ती जवळजवळ त्या गिटारीइतकीच निघाली. त्यावर त्याच्या आईने एकच प्रश्न विचारला, "सात हजारांच्या वस्तूत आणखी सात हजार घालायचे, तर आधीच चौदा हजारांची का नाही घेतली?"

या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. मी इतिहास शिकवितो. तेव्हा उत्तर शोधावयाचे तर मागे वळूनच, ही माझी सवय.

श्रोतेहो, पिकअप म्हणजे विजेवर चालणाऱ्या गिटारीचा कान. लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक अशा तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी, एवढाच त्याचा संसार. चुंबकासमोर पोलादी तार थरथरली की चुंबकाच्या क्षेत्रात चलबिचल होते आणि वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेला हा नियम. शेतावरचा मोटारपंप ज्या विद्येवर फिरतो, त्याच विद्येचे हे नाजूक रूप होय. सौंसर-पांढुर्णा भागात जळालेल्या मोटारीचे वाइंडिंग भरून देणारी दुकाने ठायी ठायी आहेत. तेथील कारागीर दिवसभर जी तार गुंडाळतो तिची एक पणती पिकअपमध्ये असते म्हणाना! तिची जाडी मिलिमीटरच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्श्याइतकी. मात्र एक ध्यानात ठेवले पाहिजे. हा कान लाकडाचा नाद थेट ऐकत नाही, हवेतला आवाज ऐकत नाही. तो केवळ पोलादाची हालचाल ऐकतो. नायलॉनच्या तारा लावल्या तर तो ठार बहिरा.

स्वस्त वाद्याचा एखादा अवयव बदलून त्याचा आवाज सुधारावा, ही धडपड मात्र पिकअपहून जुनी आहे. आपल्याकडे ती पेटीच्या निमित्ताने झाली. फ्रान्समध्ये अलेक्झांद्र दबँ याने १८४० च्या सुमारास सिद्ध केलेली हार्मोनियम हिंदुस्थानात आली, पायाचा भाता जाऊन हाताचा भाता आला, आणि भजनी मंडळांपासून संगीत नाटकांपर्यंत तिने बैठक मारली. मग प्रश्न उभा राहिला सुरांचा. पेटीचे खोके कोणीही सुतार करील; तिचा प्राण पितळी सुरांच्या पट्ट्यांत. पॅरिसचे सूर, जर्मन सूर आणि पुढे सौराष्ट्रातील पालिताण्याचे सूर, यांची तुलना जुने पेटीवाले अशा आवेशाने करीत की जणू घराण्याचाच प्रश्न आहे. खोके तेच ठेवून आत उंची सूर बसवून घेणारे भजनी बुवा आणि सात हजारांच्या गिटारीत नवा पिकअप घालू पाहणारा आमचा मुलगा यांत मला तरी फारसे अंतर दिसत नाही.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तर याहून मोठी उडी घेतली. डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी बावीस श्रुतींचा हिशेब मांडून १९१० साली इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले, आणि जिल्हा न्यायाधीश असलेले ई. क्लेमेंट्स यांच्या सहकार्याने श्रुतींची पेटी घडविण्याचा उद्योग केला. पेटीचे बारा सूर आपल्या गाण्यास अपुरे, तर मग पेटीच सुधारावी, हा त्यांचा विचार. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या विषयावर खडाजंगी झाली आणि ती पेटी प्रचारात आली नाही ती नाहीच. पेटीवरचा राग एवढ्यावर थांबला नाही. १९४० साली नभोवाणीने तिला आपल्या दारातच अडविले. स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर स्वतः मराठी. पण त्यांच्या महाराष्ट्रात घरोघरी वाजणाऱ्या पेटीस त्यांच्याही कारकीर्दीत ते दार उघडले नाही. बंदी अंशतः उठली ती १९७१ साली. ज्या ध्वनिक्षेपकावरून मी हे बोलत आहे त्याच्या पूर्वजांनी एकतीस वर्षे पेटी ऐकली नाही, हे आठवले की वाद्यांच्या बाबतीत फार ठाम मते मांडू नयेत असे वाटते.

आता पिकअपच्या जन्माकडे येतो. जॉर्ज बोशां हा अमेरिकेतील हवाईयन गिटार वाजविणारा वादक. नाचगाण्याच्या गजबजाटात आपल्या गिटारीचा आवाज कोणास ऐकू जात नाही, ही त्याची तक्रार. १९३१ साली त्याने तारांभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराचे चुंबक आणि खाली वेटोळे अशी रचना सिद्ध केली, आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर याच्या साह्याने ती पुढील वर्षी बाजारात आणली. वाद्याचा आकार तव्याला लांब दांडा लावावा तसा होता, म्हणून त्याचे नावच पडले 'फ्राइंग पॅन'. १९३४ साली पेटंटसाठी अर्ज केला तो १९३७ साली मंजूर झाला. मधल्या काळात पेटंट कार्यालयास हे वाद्य मुळात चालते की नाही याचीच शंका होती, म्हणून वादकांस पाठवून तपासनिसांसमोर प्रत्यक्ष वाजवून दाखवावे लागले! मांडीवर आडवी घेऊन वाजवावयाची ही हवाईयन गिटार हिंदुस्थानास परकी राहिली नाही. सामोआत जन्मलेला टाउ मो हा वादक १९४० च्या दशकात सहकुटुंब कलकत्त्यास राहून ती वाजवीत आणि शिकवीत असे. लखनौकडचे व्हॅन शिपली मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले, आणि त्यांच्या विजेच्या गिटारीच्या तबकड्या घराघरांत गेल्या.

बेसची कथा थोडी निराळी आहे. वाद्यवृंदाचा खर्ज सांभाळणारे मूळ वाद्य म्हणजे माणसाहून उंच असा डबल बेस. रेल्वेच्या डब्यात तो मावत नसे आणि पडदे नसल्यामुळे बोट केसभर सरकले तरी स्वर ढळे. सिअॅटल येथील पॉल टटमार्क याने १९३६ च्या सुमारास पडदे असलेला, आडवा धरून वाजवावयाचा विजेचा बेस करून पाहिला होता. पण तो चालला नाही. १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडरने आपला 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला आणि खर्जाचे जग पालटले. पडद्यांमुळे स्वर नेमका येतो, म्हणून प्रिसिजन. गंमत अशी की फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्यास स्वतःस गिटार वाजविता येत नसे. मला वाटते, म्हणूनच त्याने वाद्याकडे दुरुस्तीच्या दृष्टीने पाहिले. त्याच्या वाद्यातला कोणताही भाग चार स्क्रू काढून वेगळा करता येई. पुढे पिकअप बदलण्याचा जो मोठा धंदा उभा राहिला, त्याचे मूळ या चार स्क्रूंत आहे.

त्या पहिल्या बेसच्या पिकअपमध्ये एकच वेटोळे होते, आणि एकेरी वेटोळ्यात एक जन्मजात खोड असते. तारेची थरथर ते ऐकते खरे; पण भिंतीतून जाणाऱ्या वीजवाहिनीची, ट्रान्सफॉर्मरची, नळीच्या दिव्याची कुजबुजही ते तितक्याच आस्थेने ऐकते. तीच ती घरघर. आपल्याकडे ही घरघर अमेरिकेहून अधिक जाचक ठरते. अमेरिकेतील वीज सेकंदास ६० आवर्तनांची, आपली ५० ची. बेसची सर्वांत जाड तार मोकळी वाजविली की तिची कंपने सेकंदास सुमारे ४१, आणि त्याच तारेच्या तिसऱ्या पडद्यावर ४९. म्हणजे आपल्या विजेची घरघर बेसच्या नेमक्या खालच्या सप्तकात, एका स्वराला खेटून बसते! सात-आठ वर्षांच्या मुलानेही ओळखावे इतकी ती बेसूर लागते.

यावर तोड अमेरिकेत दोन ठिकाणी निघाली. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर याने १९५५ साली दुहेरी वेटोळ्याच्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. एका वेटोळ्याची गुंडाळी आणि चुंबक दुसऱ्याच्या उलट ठेवले की तारेचा आवाज दोहोंत मिळून वाढतो आणि बाहेरची घरघर परस्परांस खोडून काढते. फेंडरने १९५७ साली हीच युक्ती आपल्या बेसला निराळ्या रीतीने लाविली. त्याने पिकअपचे दोन तुकडे केले, एक दोन जाड तारांखाली, दुसरा दोन बारीक तारांखाली, दोन्ही परस्परविरुद्ध. आजही बाजारातील पुष्कळ स्वस्त बेस गिटारी याच नमुन्याची नक्कल असतात. १९६० साली आलेल्या 'जॅझ बेस'वर दोन एकेरी पिकअप असून दोन्ही सारखे उघडले तरच घरघर जाते. मानेकडील पिकअप गोल, भरीव आवाज देतो, घोडीकडील टणक आणि नाकी. कारण घोडीजवळ तारेची मूळ झुलण कमी आणि वरच्या सुरांचा अंश अधिक.

हे वाद्य आमच्या देवळात कसे आले, हेही सांगितले पाहिजे. दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी काढलेल्या आज्ञापत्राने चर्चमध्ये पियानो, ढोल, झांजा असल्या वाद्यांस मनाई केली होती. नभोवाणीने पेटीस केली तशीच म्हणा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक घोषणापत्रात पाइप ऑर्गनचा मान कायम ठेवून इतर वाद्यांस, योग्य अधिकाऱ्यांच्या संमतीने, दार उघडले. उपासना लोकभाषेत होऊ लागली. तबला-पेटी आली, पाठोपाठ गिटार आली. गोव्यात तर चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले जाई. त्या शिक्षणावर वाढलेले अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे संगीतकार मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांचे आधारस्तंभ झाले. गोन्साल्विस यांजकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, हे पुष्कळांस ठाऊक असेल. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजविणाऱ्या टोनी वाझ यांचे नाव मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. खर्ज वाजविणाराचे नशीबच असे. तो असताना कोणी दखल घेत नाही. तो थांबला की गाणे पोकळ का झाले, म्हणून सारे इकडेतिकडे पाहतात.

मूळचा पिकअप काढून दुसरा बसवावा यासाठी सुटा पिकअप विकण्याची प्रथा १९७० च्या दशकातली. १९७२ साली लॅरी डिमार्झिओ याने, आणि १९७६ साली सेमूर डंकन याने, या धंद्याची दुकाने मांडली. लिओ फेंडरच्याच नव्या कंपनीने १९७६ साली 'स्टिंगरे' बेस आणला. त्याच्या पोटात बॅटरीवर चालणारे छोटे वर्धक होते. तेव्हापासून वादकांत एक पुराणकथा रूढ झाली की जुने ते सोने, आणि अॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूचे 'अल्निको' चुंबक तेवढे उत्तम. स्वस्त वाद्यांतील फेराइटचे, म्हणजे मातीसारख्या दिसणाऱ्या काळ्या चुंबकाचे, ते टाकाऊ. ही समजूत मला अर्धवट वाटते. डिमार्झिओच्याच बेससाठीच्या एका नावाजलेल्या पिकअपमध्ये फेराइट आहे. स्वस्त पिकअपचा दोष बहुधा चुंबकापेक्षा हलगर्जीत असतो. वेटोळी सैल, मेणात न बुडविलेली, बाहेर धातूचे आवरण नाही, कळा हलक्या. उलट डेट्रॉइटचा जेम्स जेमर्सन मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांचा खर्ज वाजवीत असे तो १९६२ सालच्या साध्या प्रिसिजन बेसवर, कारखान्यातून आला तसाच पिकअप ठेवून. आणि तारासुद्धा तुटेपर्यंत तो बदलीत नसे!

इतके पुराण सांगून झाल्यावर दुसऱ्या रविवारी आम्ही ती गिटार उघडली. मी 'आम्ही' म्हणतो. उघडली ती गावातल्या वाइंडिंग भरणाऱ्या मेकॅनिकने, मी केवळ कंदिलासारखा मोबाइल धरून उभा होतो. घोडीला जाणारी अर्थिंगची तार सुटलेली होती. ती त्याने सोल्डर केली. घरघर थोडी उतरली. मग पिकअपच्या दोन तुकड्यांकडे पाहून तो म्हणाला, "सर, या दोन कॉइली एकमेकींच्या उलट पाहिजेत ना? इथं तर दोघी एकाच दिशेनं जोडल्या आहेत." विकण्यापूर्वी कोणीतरी वाद्य उघडून जोडणी चुकविली असावी. प्रत्येक तुकडा आपापल्या दोनच तारा ऐकतो, त्यामुळे वाजविताना ही चूक कानास जाणवत नाही. फक्त घरघर खोडली जाण्याऐवजी दुप्पट होते. मोटारीच्या वाइंडिंगमध्ये दिशा चुकली तर मोटार फिरत नाही आणि जळते, म्हणून या माणसास ते एका दृष्टिक्षेपात कळले. फेंडरची १९५७ सालची युक्ती त्याने कधी वाचली नव्हती. एका तुकड्याची दोन टोके उलटी जोडली, आतल्या पोकळीस तांब्याचा पातळ पत्रा चिकटवून तोही अर्थिंगला जोडला, आणि घरघर इतकी खाली गेली की बाहेरच्या बेडकांचा आवाज ऐकू येऊ लागला.

राहिला स्वरांच्या गढूळपणाचा प्रश्न. तारा गंजलेल्या होत्या. त्या नव्या घातल्या, त्यास दीड हजार लागले. पिकअप तारांच्या फार जवळ आणून ठेवला होता. चुंबक तारेस ओढू लागला की तिची थरथर बिघडते आणि स्वर डगमगतो. दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून तो थोडा खाली घेतला. आवाज मोठा करताच पिकअप शीळ घाली, ती सैल वेटोळ्यांची खूण. त्यासाठी मेण हवे, चार भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाशांचे. वेदीवरच्या मेणबत्त्यांचे तुकडे आमच्याकडे साठलेलेच असतात. पातेले थेट चुलीवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून मेण पातळ केले; पिकअप त्यात पंधरा मिनिटे बुडवून काढला. शीळ गेली. (मेण तापविताना कोणी घाई करू नये, ते पेट घेते.)

तिसऱ्या रविवारी वाद उरला तो इतकाच, की आता नवा पिकअप हवा की नको. मुलगा म्हणे, हवा. कारण वरच्या दोन तारा अजून मागे राहतात. त्याची आई म्हणे, आता काय वाईट आहे? मी आईच्या बाजूस होतो, हे कबूल केले पाहिजे. पण नाताळच्या तालमीत मी मागच्या बाकावर बसून ऐकले. जाड तारांवर खर्ज भरदार लागे, आणि चाल वर चढली की बेस जणू दाराआड जाई. मुलाचे कान माझ्याहून खरे होते. अखेर लग्नसराईच्या बिदागीतून त्याने नागपुरातील एका वादकाकडून वापरलेला, अल्निको चुंबकांचा, त्याच दोन तुकड्यांच्या मापाचा पिकअप तीन हजारांस घेतला. प्रिसिजनच्या मापात हा एक लाभ आहे, कोणताही तुकडा कोठेही बसतो. जॅझ बेस असता तर मानेकडचा पिकअप घोडीकडच्याहून सुमारे तीन मिलिमीटर आखूड असतो हे विसरून पुष्कळांचे पैसे वाया गेले आहेत. घेण्यापूर्वी मेकॅनिकने मीटर लावून त्याची रोधकता पाहिली. दहा हजार ओहमच्या जवळपास भरली, म्हणजे तार कोठे तुटलेली नाही. आईच्या हिशेबाने एकूण खर्च अकरा हजार आणि आठशे. चौदा हजारांपेक्षा कमी, हे तिने स्वतःच मला येऊन सांगितले.

काढलेला जुना पिकअप मुलाने शाळेस दिला. विज्ञान शिकविणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी त्याची दोन टोके एका जुन्या ध्वनिवर्धकास जोडली आहेत. त्यावर पोलादी नादकाटा वाजवून धरला की सारा वर्ग दणाणतो. अॅल्युमिनियमचा धरला की काहीच होत नाही. असे का, हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतो आणि तो तास त्यातच संपतो.